पातं किती खाली होतं

फुलं बघायला जायचं म्हणजे उठायचं आणि जायचं, असं मला वाटतं. माझ्या बायकोला तसं वाटत नाही. तिने सव्वीस वर्षं औषधाच्या दुकानात काढली, त्यामुळे तिच्या लेखी प्रत्येक गोष्टीला मात्रा असते, वेळ असते, आणि जेवणाआधी की नंतर तेही असतं. जाऊन येऊन तीन किलोमीटरच्या चालण्यासाठी तिने दोनशे पानी वही काढली. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत शनिवारची तारीख घातली. खाली लिहिलं, बसच्या शेवटच्या स्टॉपवर उतरणे, साडेआठ. पाण्याच्या टाकीपर्यंत वीस मिनिटं. टाकीपाशी बसणे, दहा मिनिटं. बसण्यालाही वेळ लावलेली बघून मी हसलो, तर म्हणाली, तुम्हाला बसवलं की उठवायला लागतो तेवढा वेळ, तो धरलाय.

हसलो खरा, पण या वहीची घाई कशासाठी ते मला ठाऊक होतं. बायकोच्या डोळ्यांचं मधलं दिसणं जात चाललंय. कडेचं दिसतं, मधलं जातं. माझ्याशी बोलताना ती माझ्या कानाकडे बघते, कारण तसं केल्यावरच तिला माझं तोंड सापडतं. फ्रिजवर डॉक्टरांनी दिलेला चौकटींचा कागद लावलाय. रोज सकाळी एक डोळा झाकायचा, मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि रेघा सरळ आहेत का ते सांगायचं. हिवाळ्यात रेघा जरा वाकल्या होत्या. आता ठिपक्याच्या जागी डाग आलाय. पुढच्या वर्षी या दिवसांत बारीक काही दिसेल असं धरून चालू नका, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं.

आणि तिची फुलं नेमकी बारीक. नखाएवढी, निळी, टाकीच्या वरच्या उतारावर येतात आणि दहा दिवसांत संपतात. लग्नाच्या वर्षी तिनेच मला तिथे नेलं होतं. नवी साडी नेसलेली बाई पोटावर आडवी पडून फुलं बघते हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, आणि आपल्याला ही बाई झेपणार का, याची मला काळजी लागली. मुलगी फोनवर म्हणाली, आई, या डोळ्यांनी कशाला चढतेस, बाबा फोटो काढून आणतील, टीव्हीवर मोठा करून बघ. बायकोने फोन माझ्या हातात ठेवला आणि वहीत टोपी आणि पाण्याची बाटली लिहिली.

आता माझं सांगतो. मी रस्ते खात्यात एकतीस वर्षं रस्त्याकडेचं गवत कापलं. खात्यात मला कटिंगवाले म्हणत. आमचा एक नियम होता. माणसं पाठवण्याआधी तो टप्पा मुकादमाने स्वतः चालून बघायचा. त्या सवयीने मी बुधवारी एकटाच जाऊन वाट बघून आलो. टाकीपर्यंत ठीक होतं. वर मात्र गवत पोटरीपर्यंत आलेलं, त्यात दगड लपलेले. हातात काठी घेऊन, कडेच्या नजरेने पाऊल टाकणारी बाई त्यात नक्की पडली असती. माझे हात शिवशिवायला लागले.

गुरुवारी दुपारी ती झोपल्यावर शेजाऱ्याच्या टेम्पोत माझं गवत कापायचं मशीन घातलं. जुन्या साहेबांकडे जातो, असं आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. चढावर मशीन ढकलताना दम लागला, पण काम फक्कड झालं. एरवी मी पातं चार बोटं वर ठेवतो, कारण दगड लागतात. त्या दिवशी खटका शेवटच्या, सगळ्यात खालच्या खाचेत टाकला. काठी कुठे अडकायला नको. वर सपाटीला पोचलो तेव्हा निळं काही दिसेना. वाटलं, फुलं आणखी वरच्या अंगाला असतील. सपाटीवर राखाडी हिरव्या, बारीक पात्यांचे पुंजके होते. तिला बसायला जागा हवी म्हणून तीही सगळी सपाटी साफ केली. एकतीस वर्षं हिरव्या रंगात मी फक्त उंची बघत आलो, दुसरं काही बघायला कोणी शिकवलं नाही आणि मीही शिकलो नाही. परत येताना मी शीळ घालत होतो.

घरी आलो तेव्हा ती टेबलाशी बसून वहीत लिहीत होती. मी मोजे काढून टाकले. साहेब कसे आहेत, असं तिने विचारलं, मी बरे आहेत म्हणालो. मग ती आपणहून फुलांबद्दल बोलायला लागली. आत्ता ती कोणाला ओळखू यायची नाहीत, म्हणाली. बारीक गवतासारखी पानं, राखाडीकडे झुकणारी. कळ्या गव्हाच्या दाण्याएवढ्या, घट्ट मिटलेल्या. दोन दिवस चांगलं ऊन पडलं की एकदम उघडतात, म्हणून तर शनिवार धरलाय.

सपाटीवरचे ते राखाडी पुंजके माझ्या डोळ्यांपुढे आले. काहीतरी बोलावं म्हणून मी चहा टाकू का विचारलं. ती उठली, धुवायला टाकायचे म्हणून माझे मोजे उचलले, आणि तिची बोटं एका मोज्यावर थांबली. तिथून तिने काहीतरी सोडवलं आणि चिमटीत धरून फिरवलं. मग पुन्हा खुर्चीवर बसली.

"वाट कापलीत का हो?"

मी हो म्हणालो. तू पडशील म्हणून कापली, म्हणालो. सपाटीही का, असं तिने विचारलं, त्यालाही हो म्हणालो. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी ओरडणाऱ्या माणसांत आयुष्य काढलंय, गप्प बसणाऱ्यांचं काय करायचं ते मला कळत नाही.

"पातं किती खाली होतं?" तिने विचारलं.

आमच्या मशीनच्या खाचा तिला माझ्याइतक्याच पाठ आहेत. चार बोटांचा अर्थ काय आणि शेवटच्या खाचेचा काय, हे तिला समजावून सांगायची गरज नव्हती. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्या कानाकडे बघत होती.

"चार बोटं," मी म्हणालो.

तिने मान हलवली. चार बोटं म्हणजे खालची पानं शाबूत असतील, म्हणाली, मग तीन आठवड्यांत पुन्हा कळ्या धरतील. तिने पेन घेतलं, वही जवळ ओढली, मान तिरकी करून सावकाश लिहिलं आणि वही माझ्याकडे सरकवली. बघा बरं तारीख नीट आलीय का, म्हणाली.

नवी तारीख जुन्या तारखेवरच लिहिली गेली होती. आकड्यांवर आकडे चढले होते, शनिवारवर शनिवार. जगातल्या कुठल्याही डॉक्टरचं अक्षर लावणारी बाई, आणि तिची ही ओळ कोणालाही लागली नसती. सोमवारी याच वहीत तिने ओळीवर लिहिलं होतं. तीन आठवडे हे डोळे कुठून थांबणार होते?

"नीट आलीय," मी म्हणालो.

तिने डाव्या चिमटीत धरून ठेवलेलं ते माझ्या तळहातावर ठेवलं. कळी होती, देठासकट.

"देठाच्या टोकाला गाठ लागतेय बघा. ही गाठ जमिनीला टेकलेली असते. चार बोटांवर कापलं असतं तर ती तुमच्या मोज्यात आली नसती."

मी ती गाठ बोटाने चाचपली.

"आणि तारीखही नीट आलेली नाही," ती म्हणाली. "लिहितानाच मला कळलं. दुकानात पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं, अंदाजाने वाचायचं नाही. लागलं नाही तर लागत नाही म्हणायचं. चुकीचं वाचलं तर माणूस जातो." तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "उद्यापासून माझ्या गोळ्यांची नावं तुम्हीच वाचणार आहात. पत्रं तुम्ही वाचणार, पायरी आहे की नाही ते तुम्ही सांगणार. मला बरं वाटावं म्हणून तुम्ही असंच वाचायला लागलात तर मी कोणाकडे जाऊ?"

फुलं मी अजाणता कापली होती. हे खोटं मात्र जाणूनबुजून बोललो होतो. मला माझी इतकी लाज वाटली की तिच्यासमोर उभं राहवेना, पण तिथून निघालो असतो तर तिला माझं तोंड दिसलं नसतं, फक्त पावलं ऐकू आली असती. मी खुर्ची ओढून बसलो.

"पातं तळाला होतं," मी म्हणालो. "काही राहिलेलं नाही. आणि तुझी नवी ओळ जुन्या ओळीवर आलीय. वाचता येत नाही."

तिने डोळे पुसले. मग म्हणाली, तुमचं मशीन दगडाच्या कडेला कधीच नीट पोचायचं नाही, साहेब त्यावरून तुम्हाला किती बोलायचे. मी म्हणालो, हो, चाकं आडवी येतात, प्रत्येक दगडाशी चार काड्या राहतात. त्यात तुझ्या कळ्या आहेत की नुसतं गवत, ते मी बघितलं नाही.

"मग परवाच जाऊ," ती म्हणाली. "तुम्ही एकेका दगडाशी बसून बघायचं. असलं तर आहे म्हणायचं. नसलं तर नाही."

मी पेन घेतलं, पान उलटलं आणि कोऱ्या पानावर मोठ्या अक्षरांत शनिवार, साडेआठ असं लिहिलं. मग जे लिहिलं होतं तेवढंच तिला वाचून दाखवलं.