टोपऱ्याखालची अक्षरे

मित्रांनो, मी एक जुने झाकण आहे. डब्याचे नाही, बरणीचे नाही, कुकरचे तर नाहीच नाही. मी एका छोट्या मोटारीच्या पेट्रोलच्या टाकीचे झाकण आहे. मोटारीवर तुम्ही शाळेत निबंध लिहिला असेल, पण झाकणाला कोण विचारतो? पंपावर मला फिरवून काढतात, पेट्रोल भरतात आणि पुन्हा फिरवून लावतात. तेवढ्या वेळात जे दिसते तेवढेच माझे जग. तरीही एका घराला पडलेल्या मोठ्या प्रश्नाचे उत्तर आठ वर्षे माझ्या कपाळावर लिहिलेले होते. ती गोष्ट मी आज सांगणार आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. वितळलेले काळे प्लास्टिक साच्यात गेले आणि मी बाहेर पडले. साच्यानेच माझ्यावर अक्षरे उमटवली. शेवटच्या टेबलाशी तपासनीस बाई बसत. त्या प्रत्येक झाकण एका नळकांड्यावर फिरवून बघत. कट्, कट्, कट् असे तीनदा वाजले, की झाकण पास. मी पहिल्या फटक्यात तीनदा वाजले. बाईंनी मऊ फडक्याने मला पुसले आणि अक्षरांवरून बोट फिरवत वाचले, "साधे पेट्रोल वापरावे. ऑक्टेन ९१ पुरेसे." मग त्या मला म्हणाल्या, "जा बाळा. टाकीचं तोंड घट्ट मिटून ठेव, पण वाचणाऱ्याला खरं ते सांग." एकाच वेळी तोंड मिटायचे आणि सांगायचेही. माझ्या वाट्याला आलेले काम असे अवघड होते, पण मला त्याचा अभिमान वाटला.

मी ज्या मोटारीला बसले ती अंगाने एवढीशी होती. तिला विकत घेतले पडदेवाल्या काकांनी. काका घरोघरी जाऊन खिडक्यांची मापे घेत, काकू पडदे शिवत आणि मग दोघे मिळून ते टांगायला जात. पडद्यांचे लांब रॉड मागच्या काचेपासून थेट काकूंच्या कानापर्यंत येत. काकूंनी मोटारीचे नाव डबी ठेवले. डबी उभी राहायची ती शिवणाच्या खोलीच्या खिडकीखाली. त्यामुळे मशीनची घरघर आणि घरातल्या गोष्टी मला आपोआप ऐकू येत. मी मुद्दाम कान देत नव्हते, मित्रांनो.

काका मापाचे फार पक्के. खिडकी तीनदा मोजल्याशिवाय ते कापडाला कात्री लावू देत नसत. पण डबी आली त्या दिवशी त्यांनी तिचे माहितीपुस्तक खराब होऊ नये म्हणून वेष्टनासकट कपाटात ठेवले, ते आजपर्यंत तसेच कोरे करकरीत आहे. पुस्तकाची त्यांना गरजच वाटली नाही, कारण घरात दादा होते.

दादा म्हणजे काकांचे थोरले बंधू. वडील लवकर गेले, तेव्हा पंधरा वर्षांनी मोठ्या असलेल्या दादांनीच काकांना लहानाचे मोठे केले. जन्मभर त्यांनी एका कंपनीच्या बड्या साहेबांची लांबलचक मोटार चालवली. मोटारीतले त्यांना सगळे कळते, ही घरातली पक्की समजूत होती. दादांनी डबीभोवती एक चक्कर मारली, काठीने चाक ठोकून पाहिले आणि सांगितले, "हिला कायम प्रीमियम पेट्रोल घालायचं. साध्याला हात लावायचा नाही. इंजिन दुवा देईल."

"हो दादा," काका म्हणाले. झाले! त्या घरात दादांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मी बिचारे आतून ओरडून सांगत होते, पण माझे ओरडणे अक्षरांतले. ते ऐकायला डोळे लागतात आणि पंपावर काकांचे डोळे असत फिरणाऱ्या आकड्यांवर. कोणीतरी कधीतरी वाचेल, अशी मी मनाची समजूत घातली. पण पहिल्याच महिन्यात वेगळेच घडले. काकांनी पेट्रोल भरताना मला डबीच्या टपावर ठेवले आणि ते तसेच निघाले. पहिल्या वळणावर मी घरंगळत गेले ते थेट गटाराच्या काठाशी. काकू गुडघ्याच्या दुखण्याची पर्वा न करता परत चालत आल्या आणि त्यांनी मला शोधून काढले. "काळ्या रस्त्यावर काळं झाकण! दिसणार कसं?" असे म्हणून त्यांनी उरलेल्या पडद्याच्या कापडाचे, पिवळ्या फुलांचे, एक टोपरे शिवले. बाळाला घालतात तसे ते माझ्या डोक्यावर बसवले, बंद आवळून बांधले आणि मी पुन्हा हरवू नये म्हणून डबीला अडकवायची एक दोरीही जोडली.

मित्रांनो, त्या टोपऱ्यात मी फार गोड दिसत असे. पंपावरच्या ताई मला पाहून हसत आणि म्हणत, "आलं का फुलाफुलांचं बाळ? प्रीमियमच ना?" एवढे लाड कुठल्या झाकणाचे झाले असतील? पण माझी अक्षरे गेली टोपऱ्याखाली. एवढ्या मायेने घातलेले टोपरे नको तरी कसे म्हणावे?

सुरुवातीला साध्या आणि प्रीमियमच्या भावात फारसा फरक नव्हता, म्हणून कोणाचे काही अडले नाही. पुढे मात्र पंपावरच्या पाटीने जे चढायला सुरुवात केली ती थांबेना. एखाद्या आठवड्यात भाव थोडा उतरे आणि काका शीळ घालत घरी येत. पुढच्या आठवड्यात तो दुप्पट चढे आणि शीळ बंद होई. त्यातही साधे एक पाऊल चढले, तर प्रीमियम दोन पावले चढे.

मग काकांच्या डोक्यातून एकेक युक्ती निघू लागली. नदीपलीकडच्या पंपावर भाव थोडा कमी आहे असे कळले, की ते तिकडे जात आणि जाऊन येण्यातच वाचवलेले जाळून टाकत. काकू म्हणत, "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला." एकदा काकांनी डबीचे वजन कमी करायचे ठरवले. जादा चाक काढून घरी ठेवले. काकूंचा शिवणाचा डबा घरी ठेवला. स्वतः दुपारचे जेवणही घरीच ठेवून निघाले. त्याच दिवशी नेमके चाक पंक्चर झाले! काका उपाशी पोटी रॉड खांद्यावर घेऊन गिऱ्हाइकाकडे चालत गेले. डबी आणि मी रस्त्याच्या कडेला उभे होतो. मला हसू येत होते आणि वाईटही वाटत होते.

एका दुपारी शिवणाचे मशीन मध्येच थांबले आणि काकूंचा आवाज आला.

"अहो, साधं घालून बघू या ना. सगळे घालतात."

"दादांनी सांगितलंय."

"दादांना विचारून बघा की."

"काय विचारू? तुमचं चुकलं का, असं विचारू? ज्यांनी मला बोट धरून चालायला शिकवलं त्यांना?" काका म्हणाले. "गाडी विकीन, पण त्यांचा शब्द मोडणार नाही."

"मग रॉड कशावरून न्यायचे? आणि मी कशी येणार? माझा गुडघा दोन जिनेसुद्धा चढू देत नाही." काकूंचा आवाज बारीक झाला. "वीस वर्षं पडदे आपण दोघांनी मिळून टांगलेत."

मशीन पुन्हा सुरू झाले नाही. मला सगळ्यात जास्त टोचले ते हेच. दोघे मिळून काम करायचे, येता-जाता डबीत भांडायचे, हसायचे, ते सगळे आता संपणार होते. आणि मी टोपरे घालून मुकाट बसले होते.

डबी विकायला काढली. ती पाहायला एका सुटीच्या सकाळी मोटार शिकवणाऱ्या बाई आल्या. आवाज खणखणीत, केस आखूड, खिशात फडके आणि पेन. नव्या विद्यार्थ्यांसाठी त्यांना छोटी गाडी हवी होती. म्हणजे रोज कोणी ना कोणी डबीला भिंतीवर घासणार, हे उघड होते. घरातला एवढा मोठा निर्णय दादांशिवाय कसा होणार? तेही काठी टेकत आले आणि खुर्चीवर बसले. काकूंनी मात्र खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि त्या आतच बसल्या.

बाईंनी दिवे पाहिले, हॉर्न वाजवला, चारी चाकांपाशी वाकून पाहिले. मग पेट्रोलच्या टाकीचे दार उघडले आणि त्या थबकल्या.

"हे काय, बाळंतविडा?"

"बायकोने शिवलंय," काका म्हणाले.

"शिवण सुंदर आहे. पण इथे कापड ठेवायचं नसतं हो. पेट्रोल पिऊन बसतं." त्यांनी बंद सोडले आणि माझे टोपरे काढले. आठ वर्षांनी माझ्या कपाळाला वारा लागला! धुळीचा थर होताच. बाईंनी खिशातले फडके काढले आणि मला पुसले. अगदी त्या तपासनीस बाईंसारखे. माझी सगळी अक्षरे उजळली. बाईंनी ती खणखणीत आवाजात वाचली, "साधे पेट्रोल वापरावे. ऑक्टेन ९१ पुरेसे."

खिडकीचा पडदा सर्रकन उघडला.

"तुम्ही कोणतं घालता?" बाईंनी विचारले.

"प्रीमियम," काका पुटपुटले.

"का?"

काकांनी दादांकडे पाहिले आणि चटकन नजर खाली वळवली. "झाकणावर चुकीचं छापलं असेल," ते म्हणाले. "छापणाऱ्यांच्याही चुका होतात."

मी आणि चुकीचे! मित्रांनो, आयुष्यात एवढा अपमान कधी झाला नव्हता. पण काका कोणाला पाठीशी घालत होते ते मला समजत होते, म्हणून मी रागावले नाही.

बाई काही ऐकून घेणाऱ्या नव्हत्या. "मोठं, जोरकस इंजिन पेट्रोलला फार दाबतं. तिथे जास्त आकड्याचं पेट्रोल लागतं, नाहीतर ते वेळेआधीच पेटतं. तुमच्या गाडीचं इंजिन गरीब स्वभावाचं आहे. त्याला साधं पुरतं. महाग पाजून ते काही जास्त पळणार नाही." मग त्या स्वतःशीच हसल्या. "मी माझं नुकसान करून घेतेय. पण रोज पोरांना सांगते, गाडीवर लिहिलेलं आधी वाचा. मीच कशी न वाचता घेऊ?"

दादांनी काठीने जमिनीवर दोनदा टकटक केले. "माझा वाचायचा चष्मा आणा."

काकू गुडघ्यासकट धावत चष्मा घेऊन आल्या. दादा माझ्यासमोर वाकले. त्यांनी एकेका अक्षरावर बोट ठेवून मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. मग पुन्हा एकदा वाचले. काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"गाडी विकायची नाही," दादा म्हणाले. "चल, पंपावर घे."

निघण्याआधी काकांनी मोटार शिकवणाऱ्या बाईंचे हात जोडून आभार मानले. काकूंनी त्यांना त्यांच्या वर्गाच्या खिडक्यांना पडदे शिवून द्यायचा शब्द दिला. दुसरी छोटी गाडी शोधून द्यायचे काकांनी स्वतःहून अंगावर घेतले.

पंपावर दादा पुढे बसले होते, काकू मागे. ताई नेहमीसारख्या हसत आल्या. "आज टोपरं नाही? प्रीमियमच ना?"

काकांनी घसा खाकरला. "साधं," ते इतक्या हळू म्हणाले, की ताईंना दोनदा विचारावे लागले. ऐकल्यावर त्यांचा चेहरा काळजीने भरला. "काका, घरी सगळं ठीक आहे ना?"

तेव्हा दादांनी काच खाली केली आणि ते बाजूच्या चार गाड्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "घरी सगळं उत्तम आहे. चूक माझी होती. मी जन्मभर एकच गाडी चालवली, साहेबांची. तिला प्रीमियम लागायचं. मला वाटलं, सगळ्यांनाच लागतं." मग ते काकांकडे वळले. "आणि तू रे? आठ वर्षांत एकदा विचारायचं नाहीस?"

"तुम्हाला कसं विचारणार, दादा?"

"बोट धरून चालायला शिकवलं ते कशासाठी? पुढे स्वतः चालावंस म्हणूनच ना?" दादांनी त्यांच्या पाठीत एक हलकासा धपाटा घातला. काका हसले आणि हसता हसताच डोळे पुसू लागले. मागच्या सीटवर काकूंचेही तेच चालले होते. ताईंनी मला जागेवर बसवून फिरवले. कट्, कट्, कट्. जन्मल्यापासून इतक्या आनंदाने मी वाजले नव्हते.

डबी अजून खिडकीखालीच उभी असते. भावाची पाटी अजूनही वरखाली होते आणि काकांची शीळही. माझे टोपरे काकूंनी दोनदा धुऊन दादांच्या काठीच्या मुठीवर बसवले. "म्हातारपणी हे काय पोरखेळ!" असे दादा म्हणाले खरे, पण काढले मात्र नाही. माझे कपाळ आता उघडे असते. दर महिन्याला काका मला ओल्या फडक्याने पुसतात आणि पुसताना एकदा वाचतातही, जणू मी रात्रीतून मत बदलणार आहे!

मित्रांनो, तुमच्या घरातल्या वस्तूंवर माया करा, पण कधीतरी त्यांची धूळ पुसून त्यांच्यावर काय लिहिले आहे तेही वाचा. आणि आपल्या मोठ्या माणसांना न घाबरता विचारा. तीही पुष्कळदा वाट बघत असतात, माझ्यासारखीच.