आईशेजारची मावशी

"नवं नातं शेवटी टाकायचं हं, मध्ये घुसवायचं नाही!" निवृत्त झालेल्या साहेबांचा हा आवाज टापटीपबाईंच्या कानात अजून होता. पण कानात असणं वेगळं नि हातात उतरणं वेगळं.

हॉस्पिटलच्या तळघरात त्यांची संगणकखोली. पेशंटला भेटायला कोण आलंय, हे फाटकावरचा संगणक वॉर्डातल्या संगणकाला कळवी, ते एका करारफाइलीच्या आधारे; कोणती माहिती कशी पाठवायची हे ठरवणारी ही फाइल दोन्हीकडे सारखीच लागे. त्यात आकडे नि अक्षरं हे माहितीचे प्रकार आयते मिळत. पण माणसांचं तेवढ्यात कुठं भागतं? म्हणून बाईंनी स्वतःचा एक प्रकार घडवला होता: 'नाते'. आई, सासू, नणंद अशी त्याची रांग. तारेवरून मात्र नाव जात नसे, रांगेतला क्रमांक तेवढा जाई; त्या क्रमांकावर कोण, हे वॉर्डातला संगणक आपल्या फाइलीत बघून पडद्यावर दाखवी.

आज सकाळी त्यात मावशीची भर घालायची होती. आईची सख्खी बहीण, तिला नणंदेच्या मागे उभी करायची? बाईंचं मन धजेना. दिली आईला खेटून बसवून! फाटकावर नवी फाइल चढली. वॉर्डात जुनीच राहिली.

थोड्याच वेळात वॉर्डातल्या सिस्टरचा फोन. "बाई, तुमचं यंत्र चळलंय का? इथली पेशंट पोरगी बिनलग्नाची, नि पडद्यावर तिची सासू आलीय भेटायला!"

"अगं बाई!"

"आणि कोपऱ्यातल्या पेशंटच्या सासूबाई नणंद झाल्यात. त्या खूश आहेत, त्यांचं राहू द्या. पण या तोतया सासूला मी फाटकावरूनच परत पाठवायला सांगितलं. इकडे पोरगी 'मावशी कुठाय' म्हणून डोळे पुसतेय. आता ऑपरेशनला नेतील तिला."

बाईंनी लगेच फाटकावर फोन लावला. तिथल्या माणसाने तो मावशीच्याच हाती दिला. ती हुंदक्यांनी भरलेली.

"जन्मल्यापासून मी वाढवलं तिला, नि हे म्हणतात, सासू! लग्न झालं नि मलाच कळवलं नाही की काय?"

"नाही हो मावशी, चूक माझी आहे. तुम्ही हलू नका. तिला आत नेण्याआधी मी तुमची भेट घालून देते."

बाईंनी फाइलीतल्या मावशीला रांगेत मुकाट शेवटी नेलं. पण वॉर्डातली फाइल बदलायला दुपार उजाडली असती. त्यांनी खुर्ची मागे सारली नि फाटकावरच्या मावशीला स्वतः वॉर्डात न्यायला जिना चढू लागल्या.