मशालवाल्याचे गुण

कवळ्या बनवणाऱ्या बाईच्या कारखान्यामागे एक खोली होती. तिथे दर रविवारी दुपारी चार चांगली मोठी माणसं फाशांचा खेळ मांडून बसत. बाई गोष्ट रचायची, त्यात गुहा, राक्षस, शापित राजवाडे असं काय काय असायचं, आणि बाकीचे तिघं एकेक पात्र होऊन त्या गोष्टीत शिरायचे. जमलं की फसलं, ते फासे ठरवायचे. खेळ उठताना बाई प्रत्येकाला अनुभवाचे गुण द्यायची. गुण साठले की पात्र बळकट व्हायचं. पात्रांच्या बोटभर उंचीच्या मूर्तीही तिनेच कवळ्यांच्या प्लास्टरमधून ओतल्या होत्या.

तिचा धाकटा दीर योद्धा, बसचा कंडक्टर जादूगार. तिसरे घड्याळजी. चौकात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. ते मशालवाले. लढाई तोंडावर आली की त्यांचं वाक्य ठरलेलं, "मी दाराशी थांबतो. उजेड धरतो."

पण राक्षस मारेल त्याला गुण, असा नियम होता. योद्धा आणि जादूगार चढत गेले, मशालवाला होता तिथेच राहिला. एकदा घड्याळजींनी विचारलं, "उजेड धरल्याचं काही मिळतं का हो?"

"पुण्य मिळतं, घड्याळजी!" कंडक्टर म्हणाला. सगळे हसले. तेही हसले.

उन्हाळ्याच्या तोंडाशी घड्याळजी गेले. दुकानातच, डोळ्याला भिंग तसंच लावलेलं.

काही आठवड्यांनी खेळ पुन्हा सुरू झाला. पटावर गुहेच्या दाराशी मशालवाल्याची मूर्ती उभी होती. तिला हात लावायला कोणी धजेना.

"राहू दे वहिनी," दीर बाईला म्हणाला. "नाहीतर आत काळोख होईल."

गंमत म्हणून बोलला खरा, पण कोणाला हसू आलं नाही. मग घड्याळजींच्या खुर्चीवर पिशवीसुद्धा ठेवायची नाही, असं न बोलता ठरून गेलं. लढाईआधी कंडक्टर दाराकडे बघून विचारायचा, "मशाल आहे ना?"

"आहे," बाई म्हणायची, आणि तिच्या अंगावर काटा यायचा. ते उत्तर तिने ठरवून दिलेलं नसायचं. एकदा कारखान्यात साच्यातून जबडा सोडवताना पाठीमागे कोणी खाकरलं. "हो, थांबा जरा," असं बोलून ती वळली. फळीवर पांढऱ्या जबड्यांची रांग होती, बाकी कोणी नव्हतं.

घड्याळजींविना झालेल्या पहिल्याच खेळाच्या शेवटी बाईने मशालवाल्यालाही बरोबरीचे गुण दिले. कोणी हरकत घेतली नाही. मग दर रविवारी तेच. हळूहळू दाराशी नुसता उभा असलेला मशालवालाही बळकट होत गेला. राक्षस दारापर्यंत येऊन आपोआप मागे फिरू लागले.

"आपण त्यांना तिथे बांधून घातलंय असं वाटतं मला," एका दुपारी कंडक्टर हळूच म्हणाला.

त्याच दुपारी घड्याळजींची बायको त्यांचे फासे न्यायला आली. ती दारात उभी होती तेव्हा बाई गुण सांगत होती.

"आणि मशालवाल्याला तेवढेच."

"कोणाला?" घड्याळजींच्या बायकोने विचारलं.

बाई गडबडली. "आम्ही अजून देतो त्यांना."

"कशाचे?"

ती आत आली. "घरी येऊन सगळं सांगायचे ते. तुमच्या या दिराने लढाई सोडून जखमी घोड्याला पाणी पाजलं होतं ना? त्याचे गुण त्याला नाही मिळाले म्हणून हे जेवताना हळहळत होते. त्याच्यासाठी हळहळ, हं. स्वतःसाठी नाही." तिचा आवाज चढला. "जिवंतपणी राबले तेव्हा भोपळा, आणि आता नुसतं उभं राहण्याचे गुण बरोबरीने? हा न्याय नाही, बाई. ही लाच आहे. त्यांनी जाऊ नये म्हणून दिलेली."

दीर मान खाली घालून बसला. बाईने गुणांची वही ओढली, खोडरबर घेतलं आणि घड्याळजी गेल्यानंतरचे सगळे गुण पुसून टाकले. मग म्हणाली, "आता आधीचे. काय काय केलं त्यांनी, ते आठवा."

पहिल्यांदा कंडक्टर बोलला. धुक्यातल्या पुलावर त्यांनी उजेड हलवला नसता तर जादूगार दरीत गेला असता. मग दिराला आठवलं, पळून जायची वेळ आली तेव्हा सगळे बाहेर पडेपर्यंत मशालवाला हलला नव्हता. बाईलाही आठवत गेलं. एकेका गोष्टीचे गुण लावले. बेरीज फुकटच्या गुणांहून कमीच आली.

"चालेल," घड्याळजींची बायको म्हणाली. "हे त्यांचे."

मग ती त्यांच्या खुर्चीवर बसली. खुर्ची करकरली, तसे तिघंही दचकले. तिने मूर्ती दोन बोटांत धरली.

"मशाल भिंतीतल्या कडीत खोचतो," ती म्हणाली. "खोचतो, आणि बाहेर येतो. फासे टाकायचे का?"

"नको," बाई म्हणाली. "बाहेर यायला फासे लागत नाहीत."

मूर्ती पटाच्या कडेपर्यंत सरकली आणि घड्याळजींच्या बायकोच्या मुठीत गेली. कंडक्टरने उठून खिडकी उघडली.

पुढच्या रविवारी ती पुन्हा आली. "मलाही खेळायचंय. अगदी पहिल्यापासून, शून्यावरून."

"कोण होणार?" दिराने विचारलं.

"चोर. यांना कधी सुचलं नसतं."

नियम आता बदलला होता. दुसऱ्याने काय केलं ते प्रत्येकाने सांगायचं, मगच गुण. त्यात फार वेळ जायचा आणि भांडणंही व्हायची. पहिल्याच दिवशी चोराला सगळ्यांत कमी गुण मिळाले.

"वा रे वा! कुलूप कोणी उघडलं?"

"उघडलंत, वहिनी, पण आमच्याच पेटीचं," कंडक्टर म्हणाला.

ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मग ते पाणी थांबेना. बाईने फासे गोळा केले नाहीत, कोणी खुर्ची सरकवली नाही. तिचं रडून होईपर्यंत तिघंही तसेच बसून राहिले.