तिले गाडी लागते

दिव्यानीच्या शाळेतून सहलीचा कागद आला, नीलिमानं तो सही न करता वापस पाठवला, अन् त्या दिवसापासून माह्या पायाले भिंगरी लागली.

कमलापूरले हत्ती पाह्याले जाचं होतं पोरीईले. शाळेची बस, दोन दिवस. दिव्यानी माही नात, पाचवीत आहे. नीलिमा तिची आई, माही सून. सुनेनं कागद वाचला अन् वांगे चिरता चिरताच म्हटलं, हिले गाडी लागते, आजीवर गेली पोट्टी. माह्या लेकानं, प्रवीणनं, मोबाईलमधून डोकं न काढता हुं केलं. इथपर्यंत मी गप होती. पण कोपऱ्यात प्रवीणचे बाबा पेपर वाचत बसले होते. त्यायनं पेपर खाली केला अन् म्हणे, हाव, इंदूवरच गेली.

तळपायाची आग मस्तकात गेली माह्या. पोरगी तोंड पाडून आतमंदी निघून गेली. एकदा, फक्त एकदा, नागपूरले जाता जाता ती प्रवीणच्या कारमंदी ओकली होती. काचा बंद, एसी चालू, पोटात क्रीमची बिस्किटं अन् डोळ्यासमोर मोबाईल. कोणीही ओकीन. तेवढ्यावरून तिच्यावर शिक्का मारला, अन् तोही माह्या नावाचा.

मले गाडी लागते हे माजरीच्या आख्ख्या कॉलनीले माहीत आहे. सदोतीस वर्षं झाले. खरं का आहे ते आजपर्यंत कोणाले सांगितलं नाई, आता सांगते. माहं माहेर चिमूरकडलं. लग्न लागलं अन् वरात भाड्याच्या मेटॅडोरमंदी माजरीले निघाली. नवरानवरी समोर, ड्रायव्हरच्या बाजूले. वरोऱ्याच्या अलीकडं नवरदेव हिरवेपिवळे झाले अन् माह्या शालूवर भडभडा ओकले. ड्रायव्हरनं गाडी थांबवली. सासू, नणंदा, मामेसासरे, सगळे मागून धावत आले, का झालं म्हणून. नवरदेवानं, म्हणजे यायनं, माह्याकडं पाह्यलं. तोपर्यंत आमी एकमेकांशी एक शब्दही बोललो नव्हतो. यायच्या तोंडून माह्याबद्दल पहिलं वाक्य निघालं ते हे:

"हिले गाडी लागते."

मी खाली मान घालून हाव म्हटलं. वीस वर्षाची होती. नवऱ्याची इज्जत राखली म्हणून मनातून खूशही झाली, येड्या बह्याडासारखी.

मले वाटलं एका दिवसाचं आहे. कुठचं का! कोणाचं लग्न असो, कोणाची वास्तू, रामटेक असो का मार्कंडा, कोणी बोलवाले आलं की हे दारातूनच सांगाचे, तिले गाडी लागते. अन् मंग माह्यासाठी म्हणून स्वतःही घरी राह्याचे. दादाजीभाऊ बायकोले एकटं सोडत नाई, अशी तारीफ बाया माह्याच तोंडावर कराच्या अन् मी चहा गाळत ऐकाची. हे खाणीत सायकलनं जात. चंद्रपूरले महाकालीच्या जत्रेले आमी रेल्वेनं गेलो, कारण रेल्वे यायले लागत नाई. त्याच्या पलीकडचं मी काई पाह्यलं नाई. प्रवीणनं कार घेतली, तवाही आमी दोघं दारात उभं राहून टाटा करत होतो.

सगळ्यात वाईट म्हणजे हळूहळू यायले ते खरंच वाटाले लागलं. अन् कधी कधी मलेही. बसचा धूर नाकात गेला की मलेही मळमळाले लागे. आई वारली तवा मी जीपनं गेली, काईच झालं नाई. पण त्या दिवशी मी रडून राह्यली होती. रडता रडता ओकारी येत नसन, असं मीच मले समजावलं.

तं त्या सहलीच्या कागदानंतर मी ठरवलं, पोरीले मीच नेते कमलापूरले. कार नाई, शाळेची बस नाई, लाल एसटीनं. कोणाच्या मागं लागाचं नाई.

शेजारची कमरजहाँ भाभी शिलाई करते. तिचा भाऊ कय्यूम आलापल्लीले पंक्चरचं दुकान चालवते. तिले प्लॅन सांगितला तं मशीन थांबवून हसली, म्हणे तुमको तो गाडी लगती है ना. तिलेही खरं सांगता आलं नाई. इतके वर्षं न बोललेली गोष्ट तोंडातून निघतच नाई. पण बाईनं लगेच भावाले फोन लावून आमच्या मुक्कामाची सोय करून टाकली. हत्ती कॅम्प चालू आहे का तेही त्यालेच विचाराले लावलं. जानेवारीत हत्तीईले काई दिवस सुट्टी असते म्हणे, पायाले औषध लावतात, पाह्याले येऊ देत नाई. डिसेंबरातच जा, म्हणे. हत्तीलेही सुट्टी भेटते, हे ऐकून मले हसावं का रडावं कळेना.

मंग मी रेल्वेनं चंद्रपूरले गेली अन् स्टँडवर चौकशीच्या खिडकीले चिकटली. साहेबानं सकाळच्या अहेरी गाडीचा टाईम सांगितला अन् माह्या मागच्या माणसाशी बोलाले लागला. मी हललीच नाई. आलापल्लीहून सिरोंच्याची गाडी कितीले, रेपनपल्लीले थांबते का, तिथून कमलापूरले कसं जाचं. साहेब म्हणे, काली-पिली भेटन. काली-पिली म्हणजे ती सीटावर पैसे घेणारी जीप. म्हटलं किती वाजता? म्हणे भरली की निघते. हे काई उत्तर झालं का? वापसची शेवटची गाडी हुकली तं का कराचं, हेही विचारलं, तवा त्यानं चष्मा काढला अन् म्हणे, बाई, हुकवू नका. सगळं कॅलेंडरच्या पाठीमागं लिहून काढलं. बायाले अर्धं तिकीट, पोरीचंही अर्धं. दोघी मिळून एका माणसाच्या पैशात जंगल पाहून येऊ शकत होतो.

एवढं झालं तरी जिवाले चैन नव्हतं. खरी गोष्ट तं बाकीच होती. मले गाडी लागते का नाई, हे मलेच माहीत नव्हतं. पोरीले जंगलात नेलं अन् मीच आडवी झाली तं? नीलिमाच्या हातात जन्माचं कोलीत. तं एका मंगळवारी घरी सांगितलं की भाभीसंग भद्रावतीले कापड घ्याले चालली, अन् एकटीच वरोऱ्याले जाऊन चिमूरच्या गाडीत बसली. मुद्दाम मागच्या सीटवर, चाकाच्या वर, जिथं जास्त उधळते. पदरात प्लास्टिकची थैली.  प्रत्येक खड्ड्याले वाटे, आता येते, आता येते. खडसंगी गेलं, काई नाई. चिमूर आलं, काई नाई. स्टँडवर उतरली, तेलकट समोसा खाल्ला, चहा पिली, अन् त्याच गाडीनं वापस बसली. तरी काई नाई.

वरोऱ्याले उतरून मी बाकावर बसली अन् रडली. लोक पाहून राह्यले होते, पाहू द्या म्हटलं. किती गावं, किती लग्नं, किती देवळं. बहिणीच्या पोरीच्या लग्नाले मी फोनवरून मंगलाष्टकं ऐकले होते. माह्या तब्येतीत काईच खराबी नव्हती, अन् मी घरात बसून राह्यली. राग इतका आला की यायचं तोंड पाह्याची इच्छा नव्हती.

रविवारी जेवताना सगळ्यायसमोर प्लॅन सांगितला. नीलिमानं ताटावरचा हात थांबवला. म्हणे, आई, तुमाले लागते, तिले लागते, जंगलात दोघी ओकत बसल्या तं पाह्याचं कोणी? प्रवीण म्हणे, उन्हाळ्यात मी कारनं नेईन. मी सांगितलं की मी बसनं चिमूरले जाऊन आली, धडधाकट. कोणाले खरं वाटलं नाई. मी यायच्याकडं पाह्यलं. एक शब्द बोलले असते तं झालं असतं. हे खाली पाहून भातात बोट फिरवून राह्यले होते. दिव्यानी एकदा माह्याकडं, एकदा तिच्या आईकडं पाहत होती. शेवटी नीलिमानंच तोड काढली, म्हणे हिचे आबाजी संग गेले तं पाठवते.

यायनं हातातला घास ताटात वापस ठेवला.

मंग चार दिवस कारणं निघाले. गुडघा दुखते. बीपी वाढला. बँकेत हयातीचा दाखला द्याचा आहे. दाखला तं मागच्याच महिन्यात देऊन झाला होता, मीच संग गेली होती. पाचव्या दिवशी अंगणात आमी दोघंच होतो, तवा मी सुपातले तांदूळ खाली ठेवले.

"नाई याचं असन तं नका येऊ," मी म्हटलं. "पण कारण पोरीले सांगा. खरं कारण."

 शनिवारी सकाळी पाहते तं हे स्वेटर घालून तयार, खांद्यावर दुपट्टा, हातात रिकामी थैली. रिकामी कशाले, ते मले समजलं.

चंद्रपूर स्टँडवर भोंग्यातून आवाज आला, अहेरी गाडी फलाटावर लागली आहे. दिव्यानी खुदकन हसली, म्हणे आजी, फलाटालेही गाडी लागली. मलेही हसू आलं. तेवढ्यात हे पुढं घुसले अन् कंडक्टरले काई सांगून समोरची सीट मिळवली. का सांगितलं ते मी ऐकलं. तेच, सदोतीस वर्षापासूनचं. कंडक्टरनं माह्याकडं दयेनं पाह्यलं अन् मले आत सरकवलं. मी दात खाऊन बसली. पोरीसमोर भांडण नको म्हटलं. तिकिटं काढले, तं हेही पासष्टच्या वर, म्हणजे तेही अर्धेच. तिघाईचे तीन अर्धे.

दिव्यानी खिडकीपाशी, मी मधात, हे बाहेरून. बल्लारपूर सुटलं, कोठारीपासून जंगल लागलं. पोरगी वाऱ्यात तोंड काढून सागाची झाडं पाहत होती. गोंडपिपरीच्या अलीकडं तिचं तोंड उतरलं. मी थैली धरली, पाठ चोळली, ती ओकली, लिंबू चोखाले दिलं. गोंडपिपरीच्या स्टँडवर तिनं भज्याचा वास घेतला अन् म्हणे, आजी, घे ना. घेतले. मिरची बाजूले काढून पुडी साफ केली पोट्टीनं. ओकली तं ओकली, त्यात का आहे? एवढ्यासाठी माणूस जन्मभर घरी बसते का? मले कोणाले तरी धरून हलवावं वाटत होतं.

यायचा रंग मात्र गेला होता. समोरचा दांडा दोन्ही हातानं धरून बसले होते. थैली खिशातच राह्यली, काढाले लाजले असन. आष्टीच्या अलीकडं, वैनगंगेचा पूल दिसाले लागला अन् हे एकदम उठले, ड्रायव्हरच्या पाठीमागच्या जाळीवर हात आपटला. गाडी कचकन थांबली. दारातून उतरले न उतरले अन् तिथंच रस्त्याच्या कडेले वाकले.

कंडक्टर मागं तिकिटं फाडत होता. त्याले समोरचं दिसलं नाई. तिथूनच त्यानं विचारलं, बाईले लागली का? सगळी गाडी माह्याकडं पाहाले लागली. अन् काय सांगू, हाव म्हणाले माही जीभ उचललीही होती. सवय आहे ना. माह्या बाजूले पोरगी बसली होती, तोंडाले भज्याचं तेल लागलेलं, अन् ती माह्याकडं पाहून राह्यली होती. मी तोंड मिटून घेतलं.  इंजिन नुसतं धडधडत होतं.

हे पायरी चढून वर आले. दुपट्ट्यानं तोंड पुसलं. पहिले माह्याकडं पाह्यलं, तसंच, मेटॅडोरमंदी पाह्यलं होतं तसं. मी नजर हटवली नाई.

"मले लागते," हे म्हणाले, कंडक्टरले. मंग जरा मोठ्यानं, "मलेच लागते. लगनाच्या दिवसापासून. हिले कधीच लागली नाई."

कंडक्टरनं पाण्याची बाटली पुढं केली. म्हणे, मंग खिडकीपाशी बसा ना भाऊ, त्यात का एवढं? अन् घंटी मारली. गाडी पुलावर चढली. मागच्या बाया पुन्हा आपल्या बोलण्यात लागल्या. एवढीशीच गोष्ट होती ती.

दिव्यानीनं आबाजीले खिडकी दिली अन् माह्या मांडीवर येऊन बसली. जराशानं कपाळाले आठ्या घालून माह्याकडं वळली.

"मंग आजी, तू आतापर्यंत कुठीच काऊन नाई गेली?"

तुह्या आबाजीले विचार, हे माह्या ओठापर्यंत आलं. यायनं ऐकलं होतं. मान खाली घालून, जे काई येईन ते घ्याले बसले होते. पण वरोऱ्याच्या रस्त्यावर मान हलवणारी मीच होती. त्याच्यानंतरही कोणी माह्या तोंडावर हात ठेवला नव्हता.

"मी हाव म्हटलं होतं, बाई," मी म्हटलं. "तू म्हणू नको."