केळीच्या खांबाची राख

"बघ, रंग बदललाय की नाही? डोळे उघडून बघ जरा!" मी डबा रूपचंदच्या नाकाखाली धरला.

आमच्या पावडरीचा रंग काळपट करडा. केळीचे खांब फैजपूरहून ट्रॅक्टरने आणायचे, वाळवायचे, जाळायचे आणि ती राख तीनदा चाळायची, अशी आमची भांडी घासायची पावडर. शहाण्णव साली विद्यापीठाने जळगावला विद्यार्थी उद्योजकांची स्पर्धा ठेवली, तेव्हा आमच्या अमळनेरच्या कॉलेजातून आम्ही दोघेच उतरलो होतो. पहिला येणाऱ्याला औद्योगिक वसाहतीत वर्षभर एक शेड मिळणार होती. त्या शेडच्या स्वप्नात मी बी.एस्सी.चा अभ्याससुद्धा सोडला होता. आणि आता कॉलेजच्या लॅबमध्ये ठेवलेल्या डब्यातली पावडर फिकट झाली होती, बोटाला मातीसारखी लागत होती.

"भेसळ," मी म्हणालो. "लॅबच्या किल्ल्या कोणाकडे असतात?"

"अभिमननाना? काहीतरीच काय बोलतोस, देवचंद!"

अभिमननाना म्हणजे रसायनशास्त्राच्या लॅबचे परिचर. सव्वीस वर्षं तिथे. चंचुपात्राकडे लांबून नुसतं बघून सांगायचे, "आते फक्त एक थेंब," आणि खरोखर एका थेंबात रंग बदलायचा. मुलं त्यांना मानत. मीही मानत होतो, पण संशय घ्यायला मला कोणी शिकवावं लागत नाही. आमचे वडील कापसाच्या काट्यावर कामाला. आमच्या घरी पाहुण्याने आणलेला पेढासुद्धा आधी मोडून बघतात.

मग मी पाळतच ठेवली. नाना संध्याकाळी खिशात कसली तरी पुडी घालून घरी जात. त्यांचा पुतण्या सुकदेव धुळ्याच्या कॉलेजात शिकत होता आणि तोही त्याच स्पर्धेत उतरला होता. झालं! आमची पावडर पुतण्याला पोचवायची आणि आमच्या डब्यात माती कालवायची. मला तर सगळं लख्ख दिसायला लागलं. रविवारी कॉलेज बंद असताना मी मागच्या खिडकीतून डोकावलो. नाना आमच्या डब्यात ओंजळीने काहीतरी टाकून लाकडी उलथन्याने हलवत होते.

आत जाऊन विचारायचं की नाही? तेवढीही अक्कल मला सुचली नाही. सोमवारी सकाळी मी प्राचार्यांच्या टेबलावर लेखी अर्ज ठेवला. रूपचंदची सहीही मीच आग्रह करून घेतली. गुरुवारी नानांची बदली सायकल स्टँडवर झाली.

त्यांनी आम्हाला एका शब्दाने जाब विचारला नाही. एकदा मी सायकल लावत असताना म्हणाले, "पावडर जमनी का रे?"

"तुमच्या मेहेरबानीने जमली," मी म्हणालो. असला मी शहाणा!

ते पुढच्या सायकलीकडे वळले.

आम्ही नवा डबा भरला. निव्वळ राख, कसलीही मिसळ नाही. पितळी ताट चिमट्यात धरायचं, काठीला बांधलेल्या काथ्याने घासायचं आणि उजळलं की वहीत लिहायचं, अशी आमची चाचणी. पन्नास ताटं उजळली. लॅबमध्ये काहीही हाताने धरायचं नाही, हे पहिल्या वर्षापासून अंगात मुरलेलं.

जळगावच्या सभागृहात पहिला धक्का बसला तो सुकदेवचा. त्याच्या टेबलावर भुईमुगाच्या शेंगा फोडायचं यंत्र होतं. पावडरीचं नावसुद्धा नाही. रूपचंदने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे बघत राहिलो.

परीक्षकांमध्ये चोपड्याच्या एक बाई होत्या, पापड-मसाल्याचा कारखाना चालवणाऱ्या. त्यांनी सरळ बांगड्या मागे सारल्या, ओल्या हाताने पावडर घेतली आणि ताट घासायला बसल्या. ताट झकास उजळलं. मी मनात शेड बांधून मोकळा झालो. इतक्यात त्या हात झटकत उठल्या.

"अगं बाई! आग होतेय नुसती. पाणी आणा!"

बोटं लालभडक झाली होती. हात धुऊन आल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमच्यापैकी कोणी या पावडरीने हाताने भांडी घासलीत?"

रूपचंद वहीची पानं उलटायला लागला.

"घरी तरी कधी घासलीत?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं.

"नुसती राख हाताला चावते रे बाळांनो. यात कोंडा, पांढरी माती असलं काहीतरी मिसळायला हवं होतं."

माझे कान तापले. परतीच्या एसटीत रूपचंद एवढंच म्हणाला, "सही करायला नको होती."

एसटी स्टँडवरून मी थेट नानांच्या घरी गेलो. अंगणात दोरीवर लॅबचा पांढरा कोट धुऊन वाळत घातलेला. नाना खाटेवर बसले होते. मला बघून त्यांचा चेहरा एकदम उतरला. त्यांची बायको, बेबाबाई, पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

"ये बेटा, बस. जळगावले नंबर उना का?"

"नाही, अक्का."

"जाऊ दे, पुढला साले येई. पन तुमनी पहिली पुडी! बापरे, मना दोन्ही हात सोलाई गयात. मंग यासनी कोंडा मिसाळा, पांढरी माटी मिसाळी. रोज नवी पुडी लई येत आनि रोज मी भांडा घासू. म्हने, तुना हात बरा व्हवा दे, मंग पोरेसले सांगू." तिने तळवे पुढे केले. नवी कातडी अजून गुलाबी होती. "यासना बिगर लॅबनं पानबी हालत नही. प्राचार्यसाहेब सोता यासले इचारतस."

सायकल स्टँडवर जाऊन नानांना तीन आठवडे झाले होते आणि घरात पत्ता नव्हता. रोज कोट घालून निघत असणार आणि वाटेत काढून पिशवीत ठेवत असणार. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. नाना माझ्या तोंडाकडे बघत होते. हा पोरगा आता बोलतो की काय, एवढंच त्यांच्या डोळ्यांत होतं. मी पाणी प्यालो आणि उठलो.

कोपऱ्यापर्यंत नाना सोबत आले.

"तिले काही सांगू नको."

"नाना, चुकलं माझं. उद्याच अर्ज मागे घेतो."

"घे. पन लॅबमा त्यासनी नवा मानूस बसाडा शे. त्याले बी पोट शे." मग घराकडे तोंड करून ते मोठ्याने म्हणाले, "सकाळमा लवकर ये रे देवचंद! मी लॅब उघाडीसन ठेवस!"

आत ऐकू जाईल इतक्या जोराने मी म्हणालो, "येतो नाना! तुमच्याशिवाय आम्हाला काहीच जमत नाही!"

दारातून बेबाबाईचा हसरा आवाज आला, "मी तुले सांगेल व्हतं ना बेटा!"

नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते परत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.