हाफ-टर्ममधली परीक्षा

परीक्षा आहे असं मला कोणी सांगितलं नव्हतं, पण मी काय दुधखुळी नाही. सप्टेंबरपासून माझी सून कस्तुरी हॉस्पिटलात फुल-टाइम जाणार होती. मग शाळा सुटल्यावर नातवंडं एकतर आफ्टर-स्कूल क्लबात, नाहीतर माझ्याकडे. मी लंडनमधल्या हॅरोला, ती वॉटफर्डला, मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेनने गेलं की काय लांब आहे? पण एकदा मी गॅसवर दूध ठेवून शेजारणीशी गप्पा मारत बसले, स्मोक अलार्म कोकलला, आणि तेव्हापासून सूनबाईंनी मुलं एकटी माझ्यावर सोडली नाहीत. त्यामुळे मेच्या हाफ-टर्मच्या सुट्टीत माझा मुलगा साकेत म्हणाला, "आई, आमच्याबरोबर आइसलँडला चल, मजा येईल," तेव्हाच मी ओळखलं. मजा कसली डोंबलाची, माझा इंटरव्ह्यू होता.

लूटन एअरपोर्टपासूनच माझा जीव थाऱ्यावर नव्हता. अनयची चेन लाव, तनिषाचं नाक पूस, पासपोर्ट परत बघ. "आई, बसा ना जरा," कस्तुरी म्हणाली. बसते कसली!

आणि आइसलँडच्या नॅशनल पार्कात तर जमीनच गप्प बसायला तयार नव्हती. इकडे चिखल पिठल्यासारखा रटरटतोय, तिकडे खडकातून वाफ फुसफुसतेय, आणि सगळीकडे नासक्या अंड्यांचा वास. "आजी, हा डॅडीचा वास आहे!" अनय ओरडला. दहा वर्षांचा घोडा, पण अक्कल तेवढीच. लाकडी पायवाट होती, दोन्ही बाजूंना दोर, आणि जागोजागी पाट्या, की पाणी उकळतं आहे, पायवाट सोडू नका.

साकेत अनयला घेऊन फोटो काढायला पुढे गेला. कस्तुरी माझ्याकडे वळली. "आई, मी टॉयलेटला जाऊन येते. तनिषाला बघाल ना?"

"अगं, बघते म्हणजे काय!"

पोरीचं मनगट मी असं घट्ट धरलं, की ती म्हणाली, "आजी, यू आर हर्टिंग मी." पाच वर्षांची आहे, बोलायला मात्र फटकळ. माझ्यावर गेलीय.

पायवाटेच्या अगदी कडेला एक बारीकसा ओहोळ होता. ना बुडबुडे, ना वाफ. वाफ होती ती वारा पळवत होता, हे आता कळतं. माझं माहेर संगमेश्वरकडचं. आमच्याकडे गरम पाण्याचे झरे आहेत, आणि पाण्यात पाय घालण्याआधी दोन बोटं बुडवून डोळ्यांना लावायची, हे आईने असं अंगवळणी पाडलंय की डोकं हो म्हणायच्या आत हात गेलेला असतो. ब्रायटनच्या समुद्रालाही मी तसंच करते. माझं बघून तनिषाही करते. मला केवढं कौतुक त्याचं!

मी तिचं मनगट सोडलं, दोराखालून वाकले आणि बोटं बुडवली.

आई गं! डोळ्यांपुढे काजवे चमकले. हात काढते तो शेजारून एक इवलासा हात त्याच पाण्याकडे निघालेला. त्याच भाजल्या हाताने मी तिच्या जॅकेटचं हुड धरलं आणि मागे खेचलं. दोघी पायवाटेवर आपटलो. तिने भोकाड पसरलं. मीही रडत होते.

कस्तुरीने लांबून एवढंच पाहिलं, की मी पोरीला ओढलं. धावत आली, आधी तनिषाचे हात उलटेपालटे करून पाहिले, मग बाटलीतलं गार पाणी माझ्या बोटांवर ओतत राहिली. साकेतही पळत आला.

"आईंनी स्वतःचा हात भाजून घेतला रे तिच्यासाठी," ती त्याला म्हणाली. मग मला म्हणाली, "क्लबबिब काही नको. सप्टेंबरपासून मुलं तुमच्याकडे."

मी म्हटलं, "बरं." खोटं कुठे बोलले? मला कोणी काही विचारलंच नव्हतं. बोटं ठणकत होती, पण खरं सांगते, मला आनंद झाला होता. रोज साडेतीनला शाळेच्या गेटवर उभी राहणारी मी मला दिसायला लागले.

कारकडे परत निघालो. वाटेत निळ्याशार पाण्याचा एक डोह होता. पाहते तर तनिषा दोरापाशी उकिडवी बसलेली, दोन बोटं पुढे. साकेतने तिला झटकन उचललं. "व्हॉट आर यू डूइंग?"

"डोळ्याला पाणी लावते. आजीने पण केला."

"नाही गं, आजीने तुला वाचवलं."

तिला काही ते पटेना. ती माझ्याकडे बघायला लागली, मी खरं काय ते सांगीन म्हणून. मी गप्प बसले असते तर ती काय शिकली असती? आजी उकळत्या पाण्यात हात घालते आणि सगळे तिला शाबासकी देतात.

मी साकेतला तिला खाली ठेवायला सांगितलं आणि तिचा हात धरला. "तनू, आजी चुकली. आधी आजीने हात घातला, मग तू निघालीस. आजीचं बघून असं करायचं नाही."

"नेव्हर?"

"कधीच नाही."

"हॅरोला पण?"

"तिथेही नाही. आधी मम्मीला विचारायचं."

साकेतने मान खाली घातली. कस्तुरीने माझ्या हातातून तनिषाचा हात काढून घेतला. तिला जोर लावावा लागला नाही. वाईट वाटलं का? फार वाटलं. पण पोरीची दहाही बोटं धड होती, त्यांच्याकडे बघत राहिले.

"त्या क्लबात नाव घालून टाक गं," मी कस्तुरीला म्हटलं. "सप्टेंबरच्या जागा लवकर भरतात."