उजेडाचं माप

संग्रहालयाच्या तळघरात जुनी वस्त्रं सांधणाऱ्या बाईंचे टाके शोधूनही सापडत नसत, म्हणून सगळे त्यांना टाकेबाई म्हणत. जुन्या रेशमाला उजेड बाधतो आणि एकदा उडालेला रंग परत येत नाही. म्हणून बाई प्रत्येक वस्त्राला उजेड मापून देत. या बाबतीत त्या कुणालाही भीक घालत नसत. मोठे पाहुणे आले तरी दहा मिनिटांनी पडदा ओढून मोकळ्या.

वीस वर्षं तळघरात काढलेल्या अशा बाईला ड जीवनसत्त्व कमी पडलं, यात नवल ते काय? पण हाडं दुखतात एवढंच त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. खरं दुखणं वेगळंच होतं. वर्षभर त्यांना कशाचंच काही वाटत नव्हतं. बारा वर्षांची लेक शाळेतून आली की तोंडाचा पट्टा सुरू करायची आणि बाई भिंतीकडे बघत राहायच्या. हळूहळू तोही पट्टा बंद पडला.

डॉक्टरांनी कॅप्सूल दिली. आठवड्यातून एकच, आठ आठवडे, मग पुन्हा तपासणी. पहिल्या रविवारी बाईंनी मधाच्या रंगाची ती कॅप्सूल गिळली, आणि संध्याकाळी लेकीनं बऱ्याच दिवसांनी शिक्षकांची नक्कल केली तेव्हा त्या चक्क हसल्या. लेक बघतच राहिली. झालं! एकीनं एवढं होतं, तर रोज एक का नको? बाईंनी स्वतःपुरतं माप गुंडाळून ठेवलं, औषधाची दुकानं बदलली आणि कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

पुढचे दोन महिने मोठे मऊ गेले. जेवण जाईना, तहान भागेना, पोट साफ होईना, पण बाईंना त्याचं काही नाही. तळघर मधात बुडाल्यासारखं वाटे. सुई हातात तरंगे. सांधायला घेतलेल्या जुन्या रेशमी झग्यावरचे पक्षी मान वळवून बघत आणि बाई त्यांना लेकीच्या गमती सांगत बसत. एका दुपारी त्यांना वाटलं, या बिचाऱ्यांनी तरी काय पाप केलंय, कायम अंधारात राहायला? त्यांनी उंचावरच्या खिडकीचा पडदा सारला. ऊन अलगद टेबलावर उतरलं. झग्याशेजारी डोकं टेकून बाई सुखानं झोपल्या.

चार तासांनी पहारेकऱ्यानं त्यांना हलवलं, तेव्हा त्यांना आजचा वार सांगता येईना. तो त्यांना थेट दवाखान्यात घेऊन गेला.

रक्तात कॅल्शियम भलतंच वाढलं होतं. चार दिवस सलाईन लागलं. बाईंचं डोकं ताळ्यावर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "हे जीवनसत्त्व जास्त झालं की लघवीवाटे निघून जात नाही, अंगात साठतं आणि कॅल्शियम वाढवतं. मूत्रपिंडं थोडक्यात वाचली. आता मी सांगेपर्यंत कॅप्सूल बंद."

"पण मला बरं वाटत होतं हो. वर्षभर कशाचंच काही वाटत नव्हतं, पहिली कॅप्सूल घेतली त्या दिवशी मी हसले."

"पहिल्या दिवशी वाटलं ते कॅप्सूलमुळेच, असं मी छातीठोक नाही सांगणार. नंतरची होती ती गुंगी. मन असं विझणं हा वेगळा आजार आहे, त्याचे डॉक्टर वेगळे. चिठ्ठी देतो. जाल ना?"

बाईंनी मान हलवली. झग्याचा रंग उडाल्याचं त्यांना कळलं होतं, वाईटही वाटलं होतं. पण खरी भीती वाटली ती लेकीच्या विचारानं. पुन्हा ती बोलणार आणि आपल्याला काहीच वाटणार नाही.

घरी लेक पाण्याचा ग्लास घेऊन आली आणि दारातच थबकली. बाईंनी तिला जवळ बसवलं.

"ऐक. नव्या डॉक्टरांचं औषध लागू पडेपर्यंत मी कदाचित पुन्हा तशीच गप्प होईन. तो आजार आहे. तुझ्यामुळे नाही होत ते. आधीही तुझ्यामुळे नव्हतं."

"आधीही नव्हतं?"

"नव्हतं गं."

लेकीनं ग्लास खाली ठेवला. "मला वाटलं, मी फार बोलते म्हणून. म्हणून मी बोलायचंच बंद केलं."

बाईंना रडू फुटलं. त्यांनी लेकीला घट्ट कुशीत ओढलं आणि म्हणाल्या, "बोल. मी हसले नाही तरी बोल."